काला बिच्छूचा डावा बूट

मी एक जुना बूट आहे. डाव्या पायाचा. माझा उजवा भाऊ माझ्याशेजारीच असतो, पण त्याला बोलण्याची आवड नाही, म्हणून दोघांची गोष्ट मीच सांगतो. माझी उंची पोटरीच्या मध्यापर्यंत आहे. नाडीसाठी मला दोन्ही बाजूंना अकरा-अकरा भोकं आहेत. माझा रंग कोणता, हे मात्र मला एका शब्दात सांगता येणार नाही.

मित्रांनो, आपली गोष्ट जन्मापासून सांगायची पद्धत आहे. मी एका रविवारापासून सांगतो. त्या रविवारी विशेष काहीच घडलं नाही, म्हणूनच तो मला इतका आठवतो.

फेब्रुवारीचा महिना होता. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घरात मनोरमाबाई दाल-बाफल्यांच्या तयारीत होत्या. त्यांचे यजमान दौलतराव, म्हणजे आमचे मालक, खाटेखालची पत्र्याची पेटी ओढून जमिनीवर बसले. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, मला दोन गुडघ्यांत धरलं आणि उजव्या हाताच्या बोटांनी खोबरेल तेल लावायला सुरुवात केली. डाव्या हातात त्यांच्या फारशी ताकद उरली नव्हती. एवढ्यात त्यांची मुलगी मधुरिमा आली. ती फिजिओथेरपिस्ट आहे, तिचा दवाखाना तुकोगंजात आहे. दर रविवारी वडिलांच्या हाताचा व्यायाम घ्यायला ती येत असे.

"बाबा, या बुटांना आता कुठे जायचंय?"

"जायचं कुठेच नाही. पण पडे-पडे अकडतात बिचारे. माझ्यासारखे."

"हात द्या." तिने त्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला. "दाबा. एक. जोर लावा. दोन. बाबा, चीटिंग नको. खांद्याने नाही, बोटांनी."

"बघ गं, बाप को पहलवानी सिखाती है!" दौलतराव स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले.

"शिकवू दे," आतून मनोरमाबाई म्हणाल्या. "माझं तर तुम्ही कधी ऐकलं नाहीत."

"तीन. चार. अजून एक. पाच."

"झालं? अब मेरी सुन," दौलतराव म्हणाले. हात मात्र त्यांनी तिच्या हातातच राहू दिला. "चिमणबागेतली माझी शेवटची कुस्ती. मी पडलो तेव्हा एकदम सन्नाटा झाला बघ. कुणी हलेना. मग मागून कुठून तरी एकच टाळी वाजली. एकच. नंतर सगळं मैदान उठलं. ती पहिली टाळी कुणाची, ते आजतक समजलं नाही मला. मला खांद्यावरून फेकणाऱ्या परेशलाही विचारलं. त्यालाही माहीत नाही."

मधुरिमा व्यायामाचा रबरी चेंडू पिशवीत ठेवत होती. "असेल कुणीतरी," ती म्हणाली.

"कुणीतरी तर असणारच. पण कोण?"

"पंधरा वर्षं झाली त्याला."

"तरी पण." दौलतराव हसले. "माणसाला वाटतं, माहीत व्हावं."

जेवणं झाल्यावर ती निघाली. दारात चपला घालायला तिला जरा जास्तच वेळ लागला. मग "येते बाबा" म्हणून ती गेली.

ती टाळी कुणाची, हे मला माहीत होतं. मधुरिमालाही माहीत होतं. ते ज्याला माहीत नव्हतं, तोच एकटा विचारत होता.

आता जन्माचं सांगतो. मी १९९४ सालचा. दौलतराव ज्या गिरणीत होते ती बंद पडली होती. त्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेतले, घरात पैलवानी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. दौलतरावांनीही आखाड्याच्या मातीत अंग घुसळलं होतं. पण तेव्हा घरोघरी केबल आली होती आणि मुलांना परदेशी रंगीबेरंगी कुस्तीचं वेड लागलं होतं. सियागंजात अप्पासाहेब नावाच्या गृहस्थांचं दोरखंड, सुतळी आणि ताडपत्री यांचं दुकान होतं. त्यांच्या मनात आलं, आपल्याकडे दोर आहे, ताडपत्री आहे, मग रिंगला आणखी काय लागतं? माणसं. अशी 'मालवा फ्रीस्टाइल' सुरू झाली.

मला शिवलं बाबूलालजींनी. ते लग्नातल्या बँडवाल्यांचे बूट शिवत. टाच बसवताना त्यांनी दौलतरावांना विचारलं, "आवाज किती पाहिजे?" त्या प्रश्नाचं मला फार नवल वाटलं. बुटाला कुणी आवाज किती पाहिजे म्हणून विचारतं का? पण दौलतरावांनी गंभीरपणे सांगितलं, "शेवटच्या रांगेपर्यंत." तेव्हा बाबूलालजींनी टाचेच्या दोन चामड्यांमध्ये लाकडाची पातळ चकती घातली.

मित्रांनो, हे रहस्य आता सांगायला हरकत नाही. रिंगमधल्या मुक्क्याचा आवाज मुक्क्याचा नसतो. उजवा हात समोरच्याच्या जबड्याजवळ जातो, अगदी केसभर अंतरावर थांबतो, आणि त्याच क्षणी डावा पाय जमिनीवर आपटतो. रिंगची जमीन म्हणजे पोकळीवर टाकलेल्या फळ्या, त्यावर पोती आणि त्यावर ताडपत्री. ती ढोलासारखी वाजते. लोक मुठीकडे बघत असतात, माझ्याकडे कुणी बघत नाही. सोळा वर्षं मी आवाज काढला आणि नाव मुठीचं झालं.

मातीतला पैलवान अनवाणी उतरतो. त्यामुळे पहिल्या दिवशी मला घालून रिंगमध्ये पाऊल टाकताना दौलतरावांना अवघड झालं. त्यांनी वाकून जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला नेला. अप्पासाहेब ओरडले, "दौलत! बिच्छू कधी नमस्कार करतो का?" खरंच होतं. ते त्या दिवशी 'काला बिच्छू' होते, दुष्ट होते. अंगात काळा पोशाख, पाठीवर मनोरमाबाईंनी शिवलेली कापसाची नांगी, आणि मी काळाकुट्ट. पुढच्या खेळापासून दौलतराव माझी नाडी बांधायच्या निमित्ताने वाकू लागले. दोन बोटं ताडपत्रीला लावायची, नाडी ओढायची, मग उठताना कपाळावरचा घाम पुसल्यासारखं करायचं. लोकांना वाटायचं, या बिच्छूची नाडी सारखी कशी सुटते?

बिच्छूचा डाव होता 'डंख'. समोरचा पालथा पडला की दौलतराव दोराला पाठ घासत धावत यायचे आणि कोपर वाकवून त्याच्या पाठीवर पडायचे. बघणारे डोळे मिटून घ्यायचे. प्रत्यक्षात सगळा भार आधी माझ्यावर आणि मग त्यांच्या स्वतःच्या मांडीवर यायचा. समोरच्याला नुसती वाऱ्याची झुळूक लागायची.

समोरचा बहुधा परेश असे. 'इंदौरी तूफान'. रेशमी झगा, गोरापान, लोकांचा लाडका. तो दौलतरावांना आडवं खांद्यावर उचलायचा, तीन गिरक्या घ्यायचा आणि फेकायचा. हे बघून लोक वेडे व्हायचे. पण अठ्ठ्याऐंशी किलोचा माणूस नुसत्या हातांनी उचलला जात नाही. उचलला जाणारा स्वतःच उडी मारतो. त्या उडीचा जोर मला चांगला ठाऊक आहे, कारण ती मी मारायचो. आणि पडायचं म्हणजे हनुवटी छातीला चिकटवायची, श्वास सोडायचा, हात पसरायचे आणि सगळी पाठ एकदम टेकवायची. एक अंश चुकला तर मान जाते. पडल्यावर दोघांचे हात एकमेकांत काही क्षण अडकलेले असत. तिथे काय चालायचं, ते मला पायाशी कधी दिसलं नाही. मला त्याचं कुतूहल मात्र फार वाटायचं.

अप्पासाहेबांनी सगळ्यांना रिंगच्या दोराला हात लावून एक शपथ घ्यायला लावली होती. रिंगमधली गोष्ट रिंगबाहेर सांगायची नाही. घरीसुद्धा नाही. चांगला आणि दुष्ट यांनी गावात एकत्र दिसायचं नाही. देवास, धार, महू, कुठेही खेळ असला तरी चांगले मेटॅडोरमधून जात आणि दुष्ट टेंपोतून, रिंगच्या फळ्यांवर बसून. मनोरमाबाईंना सगळं माहीत होतं, कारण पोशाख त्याच शिवायच्या. माहीत नव्हतं ते फक्त मधुरिमाला.

तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. पहिल्या रांगेत बसायची. सगळं मैदान "मार बिच्छू को!" म्हणून ओरडत असताना ती एकटी रडायची. अप्पासाहेबांना ते फार आवडायचं. "पोरीला पुढेच बसवा," म्हणायचे. "रोना देखो, असली है."

खेळानंतर घरी ती दौलतरावांच्या कोपराला हळद-तेल लावत बसायची.

"बाबा, दुखतं?"

"थोडं."

"परेशकाका वाईट आहेत."

दौलतराव कोपर तिच्यापुढे आणखी सरकवायचे.

"तुम्ही त्यांना एकदा तरी जिंकून दाखवा ना."

मनोरमाबाई मागे उभ्या राहून नवऱ्याकडे बघायच्या. एकदा म्हणाल्याही, "पोरीला सांगा आता. किती रडवाल?" दौलतरावांनी शपथेचं नाव घेतलं. दोराला हात लावून दिलेला शब्द त्यांना आखाड्यातल्या शब्दाइतकाच पक्का वाटायचा. मित्रांनो, माझ्या मालकांच्या हातून आयुष्यात एवढी एकच मोठी चूक झाली, आणि ती ते इमानदारी समजत होते.

१९९७च्या जुलैत, एका रविवारी तूफानने बिच्छूचा हात मोडला. म्हणजे लोकांच्या समजुतीप्रमाणे मोडला. मनोरमाबाईंनी आदल्याच दिवशी झोळी शिवून ठेवली होती. ती गळ्यात अडकवून दौलतराव घरी आले. मधुरिमा रात्रभर त्यांच्या उशाशी होती. सोमवारी सकाळी आई तिला वह्या-पुस्तकं घ्यायला पलासियाला घेऊन गेली. तिथे एका गाड्यावर दौलतराव आणि परेश एकाच पानातून पोहे खात होते. झोळी खांद्यावर टाकलेली होती, आणि त्या मोडलेल्या हाताने दौलतराव परेशच्या तोंडात जिलबीचा तुकडा कोंबत होते. दोघं खदखदून हसत होते.

हे मी पाहिलेलं नाही. मी पेटीत होतो. मला एवढंच कळलं की पेटीचं झाकण जोरात उघडलं, दोन लहान हातांनी मला ओढून काढलं, आणि थोड्या वेळाने दौलतराव दारात आले तेव्हा मी हवेतून गेलो. पायाशिवाय मी पहिल्यांदाच उडत होतो. मी त्यांच्या छातीवर आपटलो.

"हे पण खोटंच लागलं का?" मधुरिमा म्हणाली. "तुम्ही खोटे आहात. सगळं खोटं."

ओसरीवर शेजारची चार पोरं डोळे मोठे करून बघत उभी होती. दौलतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. तेव्हा बोलता आलं असतं.

"बूट जागेवर ठेव, मधू," एवढंच ते म्हणाले.

ती पुन्हा कधी खेळाला आली नाही. बोलणं-चालणं पुढे सुरळीत झालं. ती अभ्यासात हुशार निघाली, पुष्कळ वाचू लागली, बापाला चहा करून देऊ लागली. फक्त रिंगबद्दल घरात कुणी काही बोलेनासं झालं.

त्या आठवड्यात दौलतराव सियागंजात जाऊन दुकानात उभे राहिले. मला दुरुस्तीला न्यायचं होतं, म्हणून मी पिशवीत होतो.

"अप्पासाहेब, मला चांगला माणूस करा."

"वेडा आहेस का? तू पडतोस सोन्यासारखा. चांगल्याला पडायचं काम नसतं."

"एक सीझन. मग काय म्हणाल ते."

तेव्हा माझ्यावर खाकी रंग चढला आणि 'फौजी दौलत' जन्माला आले. छातीवर पितळी बिल्ले, चालीत कवायत, आणि शत्रूला चीत केल्यावर सलाम. मधुरिमाच्या शाळेच्या वाटेवरच्या भिंतीवर त्यांनी स्वतः पोस्टर चिकटवलं. पहिल्या रांगेत एका खुर्चीवर ते आपला चौकड्यांचा रुमाल टाकून ठेवू लागले. रुमाल टाकलेल्या खुर्चीवर आपल्याकडे कुणी बसत नाही. खेळ संपेपर्यंत तो रुमाल तिथेच असायचा. पण लोकांना हा फौजी काही पटला नाही. "याचं थोबाड तर बिच्छूचं आहे," लोक म्हणायचे.

मग पांढरा रंग. 'डॉक्टर सुईवाला'. मनोरमाबाईंनी पांढरा डगला शिवला आणि सुताराने हातभर लांबीची लाकडी पिचकारी करून दिली. डॉक्टर समोरच्याची नाडी बघायचे, जीभ बघायचे आणि पाठ फिरवली की सुई टोचायचे. शेवटी ती सुई स्वतःलाच टोचून घेऊन आडवे व्हायचे. पोरं हसून खुर्च्यांवरून खाली पडायची. मला ही वर्षं सगळ्यांत आवडली. माझ्या टाचेला फारसं काम नव्हतं, पण इतकं हसू मी आधी ऐकलं नव्हतं. दौलतराव घरी येऊन बायकोला विचारायचे, "मधू काय म्हणाली?" मनोरमाबाई सांगायच्या, "वर अभ्यास करतेय." रुमाल धुऊन पुन्हा घडी व्हायचा.

शेवटचा रंग सोनेरी. शेहेचाळिसाव्या वर्षी ते 'बूढा बाघ' झाले. केस पांढरे ठेवायचे, हळू चालायचं, आणि मरता मरता एकदा डरकाळी फोडायची. २०१० साली अप्पासाहेब थकले आणि त्यांनी मालवा फ्रीस्टाइल बंद करायचं ठरवलं. शेवटचा खेळ चिमणबाग मैदानावर, संध्याकाळी पाच वाजता.

आदल्या दिवशी दौलतराव मला पॉलिश करता करता म्हणाले, "मधू, उद्या शेवटची आहे."

मधुरिमा तेव्हा बावीस वर्षांची होती, कॉलेजात शिकत होती. "सोमवारी माझा पेपर आहे, बाबा."

"हां हां. पेपर पहिला."

कुठलाही पेपर नव्हता. मला ते कळलं, कारण ती आली.

मी तिला पाहिलं ते उलटं. परेशने बाघाला खांद्यावर आडवं घेतलं होतं, तीन गिरक्या चालू होत्या, आणि मी हवेत होतो. मैदान, दिवे, खुर्च्या, रुमाल, सगळं माझ्याभोवती फिरत होतं. मागच्या बाजूला मंडपाचा एक खांब होता. खांबाजवळ खांद्याला पिशवी लावलेली एक मुलगी उभी होती. पहिल्या गिरकीत तिचे हात घडी घातलेले होते. तिसऱ्या गिरकीत ते सुटले होते आणि ती अर्धं पाऊल पुढे आली होती. तोपर्यंत ती शरीरशास्त्र शिकली होती. मणका कसा असतो, त्यातून काय जातं, त्या उंचीवरून पाठीवर पडणं म्हणजे काय, हे त्या गर्दीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नसावं.

परेशने फेकलं. सगळी पाठ एकदम टेकली. टेकायला हवी होती तशीच, फक्त मान केसभर उशिरा आली. मला ते घोट्यातून गेलेल्या झिणझिण्यांवरून समजलं. मैदान चिडीचूप झालं. आणि खांबाजवळून एक टाळी वाजली. मग दुसरी. मग सगळे उभे राहिले.

दौलतराव उठून बसले तेव्हा खांबाजवळ कुणी नव्हतं. त्या दिवसापासून त्यांच्या डाव्या हातातली ताकद कमी होत गेली.

त्यानंतर मी पेटीत राहिलो. बिच्छूची नांगी, फौजीचे बिल्ले, डॉक्टरांची पिचकारी, बाघाचा झगा आणि आम्ही दोघं भाऊ. चामडं भेगाळलं. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण पेटीतून ऐकू सगळं येतं. मधुरिमा शिकून मोठी झाली आणि दर रविवारी वडिलांचा हात हातात घेऊ लागली. "दाबा. एक. दोन." वर्षातून दोन-तीनदा दौलतराव विचारायचे, ती पहिली टाळी कुणाची असेल? आणि ती म्हणायची, असेल कुणीतरी. ती सांगत का नाही, याचा मी पंधरा वर्षं विचार केला. सांगायचं तर पेपर नव्हता हेही सांगावं लागलं असतं. मग छातीवर फेकलेल्या बुटाचं, आणि पलासियाच्या पोह्यांचंही बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा हात दाबून घेणं सोपं होतं. मला वाटतं, ती योग्य रविवार शोधत होती.

आणि त्या फेब्रुवारीतल्या साध्या रविवारनंतर सोमवार आला. सकाळी लवकर खाटेवरून कुणीतरी धडपडल्याचा आवाज झाला. मनोरमाबाईंची हाक. फोन. धावत आलेली पावलं, त्यात मधुरिमाची. स्ट्रेचरचा एक कोपरा पेटीला लागला. मग घर रिकामं झालं. दुपारी दारात पुष्कळ चपला जमल्या आणि कुणी मोठ्याने बोलेना.

तेरावा झाल्यावर शेजारच्या लक्ष्मीकाकू म्हणाल्या, "गेलेल्या माणसाचं जुनं पायताण घरात ठेवू नये गं. गाडी येतेच आहे." मधुरिमाने पेटी उघडली, आम्हाला दोघांना काखेत घेतलं आणि फाटकात जाऊन उभी राहिली. गाणं वाजवत कचऱ्याची गाडी आली.

"दीदी, चमडा है. सूखे में डालो," गाडीवाला म्हणाला.

ती तशीच उभी.

"दीदी, आगे भी जाना है."

तेवढ्यात एक जुनी स्कूटर गाडीच्या मागे येऊन थांबली. पांढरे केस, पोट सुटलेलं. हा 'इंदौरी तूफान' होता, हे सांगितलं तरी कुणाला खरं वाटलं नसतं.

"अरे भिया, रुक!" परेश गाडीवाल्यावर ओरडला. "ये कचरा दिखता है तेरेको? जा, आगे बढ़!" मग मधुरिमाकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "बेटा, हे काय करून राहिली तू?"

"काकू म्हणाल्या, ठेवू नयेत."

"त्यांना बोल, मी घेऊन जातो. माझ्या घरी ठेवतो. मेरेको कोई कुछ नहीं बोलता." त्याने मला हातात घेतलं. माझ्या अंगठ्यापाशी एक खोल भेग आहे. तो तिच्यावर नख फिरवू लागला. भेगेत सगळे रंग दिसतात: वर सोनेरी, खाली पांढरा, मग खाकी, आणि तळाशी काळा. "हा काळा तर अप्पासाहेबांचा. पण ही खाकी देख. ही तुझ्यासाठी. आणि हा सफेद पण तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"तू रुसली ना तेव्हा. दादा म्हणाले, मला दुष्ट नाही राहायचं, पोरगी बघते. मग म्हणाले, चांगला नाही जमला तर जोकर करा, हसेल तरी. आम्ही सगळे चिढवायचो त्यांना. खुर्चीवर रुमाल टाकायचे रोज. अप्पासाहेब बोलायचे, दौलत, तिकीट फाडलं असतं त्या खुर्चीचं!"

मधुरिमाने मला त्याच्या हातातून परत घेतलं. मग ती म्हणाली, "काका, अँब्युलन्समध्ये त्यांचा हात माझ्या हातात होता. डावा. त्यांनी एकदा दाबला. एकदाच. मला वाटलं, व्यायाम समजून दाबतायत. मी म्हटलं, आणखी दाबा बाबा, पाच वेळा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं फक्त."

परेशने स्कूटरचा आधार घेतला.

"काय झालं, काका?"

"दादांनी तुला सांगितलं नव्हतं?"

"त्यांनी मला काहीच सांगितलं नव्हतं."

"शपथ होती ना, बेटा." परेशने डोळे पुसले. "आता कोण अप्पासाहेब आणि कसली शपथ! सुन. पडल्यावर हात हातात असतो. फेकणारा एकदा दाबतो. म्हणजे, लागलं तर नाही ना? पडणाऱ्याने दोनदा दाबायचं. म्हणजे, नाही लागलं, खेळ चालू ठेव. चिमणबागेत मान मुडपली होती, तरी दादांनी दोनदा दाबलं. झूट बोलले मेरेको. एवढंच एक झूट बोलले." तो थांबला. "अँब्युलन्समध्ये ते तुला विचारत होते, बेटा. लागलं तर नाही ना."

रिंगमधल्या हातांचं रहस्य मला असं कळलं, मित्रांनो. तीस वर्षं मी त्याचं कुतूहल बाळगलं होतं. कळल्यावर वाटलं, नसतं कळलं तरी चाललं असतं.

परेश आत मनोरमाबाईंपाशी जाऊन बसला. मधुरिमा मला घेऊन खाटेवर बसली. उजव्या भावाला तिने शेजारी नीट उभं केलं. माझी नाडी सुटली होती. ती बांधायला ती वाकली, आणि का कोण जाणे, तिची दोन बोटं जमिनीला लागून आली.

आता शेवटी माझ्यासारख्या जुन्या वस्तूने तुमच्याकडे काहीतरी मागायचं असतं. तेल लावा, ऊन दाखवा, अडगळीत टाकू नका. मला त्यातलं काही नको. तुमच्या घरात कुणी एखादा साधा प्रश्न दर रविवारी पुन्हा पुन्हा विचारत असेल, आणि उत्तर तुमच्यापाशी असेल, तर चपला घालायला वेळ लावू नका. एवढंच. बाकी माझं बोलणं राहू द्या, कारण ती बोलते आहे.

तिने हात माझ्या आत घातला, पार अंगठ्याच्या टोकापर्यंत, जिथे चामड्याला अजून त्यांच्या बोटांचा आकार आहे. तिने एकदा दाबलं. थोडं थांबून आणखी एकदा.

"लागलं होतं, बाबा," ती म्हणाली. "आता नाही." मग स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "पेपर नव्हता. मी आले होते. खांबाजवळ उभी होते. ती पहिली टाळी माझी होती."